दाभणराव सामानापाशी बसतात

सासऱ्यांची कवळी गाठोड्यात शिवली गेली, यात गाठोड्याचा काही दोष नव्हता. कवळी वाटीत होती, वाटी लॉजच्या खिडकीत होती आणि खिडकीतला पसारा आवरायचं काम जावयांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांनी वाटी कोरडी केली, टॉवेलात गुंडाळली, धक्का लागू नये म्हणून चादरींच्या मधोमध बसवली आणि गोणपाटाचं तोंड दुहेरी सुतळीने शिवून टाकलं. सहलीचा शेवटचा दिवस होता, संध्याकाळी परतीची गाडी होती, आणि सामान सकाळीच बांधून टाकलं की दिवस मोकळा मिळतो असं त्यांचं ठाम मत होतं.

सासरे तोंड धुऊन आले आणि बोळकं घेऊन खोलीभर फिरले. खिडकीत पाहिलं, उशीखाली पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? माझे दात तोंडातच असतात," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याच्या तेव्हाच लक्षात आलं. "दाभणराव, कुठल्या गाठोड्यात?"

"चादरींच्या."

"चादरी दोन्हींत आहेत."

जावयांनी क्षणभर विचार केला आणि छातीठोकपणे एका गाठोड्याकडे बोट दाखवलं. ते उसवलं. त्यात कवळी नव्हती.

दाभणराव हे नाव मेहुण्यानेच ठेवलेलं. दाभण म्हणजे पोती शिवायची जाडजूड सुई, टोकाशी जरा वाकडी. ती यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी असायची. कुणी पेन मागितलं तर हे दाभण काढून दाखवत आणि "लिहिणं सोडून सगळं करते" म्हणत. धंदा सोफे-खुर्च्या भरण्याचा. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. आत शिरणाऱ्याला आधी खुर्च्यांचे सांगाडे आडवे येत, मग काथ्याचे ढीग, मग चुकांचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, डबे, आणि अगदी शेवटी, तोंडात मूठभर चुका धरून बसलेले दाभणराव. तोंड चुकांनी भरलेलं असल्यामुळे त्यांना गिऱ्हाइकाशी भाव करता येत नाही, ही बायकोची जुनी तक्रार. "समोरचा म्हणेल त्याला हे 'हूं' म्हणतात," ती सांगायची, "आणि समोरच्याला वाटतं, पटलं."

काम शिकवलं वस्तादांनी. वस्तादांचा एकच नेम: स्प्रिंग आठ बाजूंनी बांधायची. उभी, आडवी, आणि दोन्हीकडून तिरकी. मग बसणारा कसाही आपटो, स्प्रिंग कलंडत नाही. चार बाजूंनी बांधली तरी खुर्ची खुर्चीसारखीच दिसते. वर कापड चढलं की झाकली मूठ. म्हणून वस्ताद शिकाऊ पोरांच्या खुर्च्या उलट्या करून बघायचे, आणि एक गाठ कमी दिसली की सगळी सुतळी कापून टाकायचे. "वर बसतं ते गिऱ्हाईक, खाली बघतो तो कारागीर," असं म्हणायचे. वस्ताद वारले त्याला बराच काळ लोटला, पण धाक काही वारला नाही. कुठेही खुर्ची दिसली की दाभणराव आधी ती तळव्याने दाबत आणि मग उलटी करत.

एकदा अशाच सहलीत, एका जुन्या वाड्यात, दोरीपलीकडे एक मोठी कोरीव खुर्ची होती. 'बसू नये' अशी पाटी होती. दाभणराव बसले नाहीत. उलटी करू नये असं पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. पहारेकरी धावत आला, सगळ्यांना ऑफिसात नेलं, आणि सासऱ्यांना हात जोडावे लागले. पुढे हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला की त्याला मुरलेल्या लोणच्याची चव आली. सर्वांत मोठ्याने दाभणरावच हसत.

पण या खेपेची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दुकान चालत नव्हतं. लोकांना आज दिलेली खुर्ची उद्या हवी असायची, आणि आठ बाजूंनी बांधलेली खुर्ची उद्या होत नाही. मेहुणा एका फर्निचरच्या मोठ्या दुकानात व्यवस्थापक होता. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आमच्याकडे या. फोम कापायचा, चिकटवायचा, महिन्याला पगार घ्यायचा. सुतळीत जन्म काढून काय मिळवलंत?" बायकोचाही कल तिकडेच होता.

त्यावर दाभणरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातल्या चुका काढून उत्तर दिलं होतं. ज्या शहरात सहल जाणार होती तिथल्या नाट्यगृहाच्या खुर्च्या वस्तादांनी ऐन उमेदीत भरल्या होत्या. "चला, दाखवतो. वस्ताद गेले, पण खुर्च्या आहेत. बसून बघा, दाबून बघा. मग सांगा सुतळीत काय मिळतं ते."

"ठरलं," मेहुणा म्हणाला होता. "शेवटच्या दिवशी सगळे मिळून तुमच्या खुर्च्यांवर बसू. पक्क्या निघाल्या तर मी पुन्हा फोमचं नाव काढणार नाही. कुरकुरल्या, तर पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे."

म्हणजे त्या दिवशी दुकानाचा निकाल होता. म्हणून तर दाभणरावांनी पहाटेच बांधाबांध केली, आणि म्हणून तर कवळीचा घोटाळा झाला.

कवळी दुसऱ्या गाठोड्यात सापडली. दोन्ही गाठोडी पुन्हा शिवून लॉज सोडेपर्यंत सकाळ सरत आली होती. स्टेशनवर आले तेव्हा मेहुण्याने दिवसाची फेरआखणी सुरू केली. तो बोटांवर जागा मोजू लागला. "बाग, तळं, बाजार. नाट्यगृह चारनंतर. प्रयोगाआधी झाडलोट चालते तेव्हा आत सोडतात, लॉजवाल्याने सांगितलंय. पण आधी सामान."

"मी विचारून येते," बायको म्हणाली, आणि छत्री आणि रिकामी बाटली घेऊन सामानघराच्या खिडकीकडे गेली. दर सहलीत हे काम तिचंच असायचं. परत आली ती मान हलवतच. "नाही घेत. शिवलेलं सामान चालत नाही म्हणे. कुलूप हवं."

"इथेही तेच?" दाभणराव म्हणाले.

"सगळीकडे तेच असतं, तुम्हाला माहीत नाही का?"

सासरे घसा खाकरून वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघू लागले. मेहुण्याने लगेच मार्ग काढला. "पाळीपाळीने बसू. आधी तुम्ही बसा, भावोजी. चारच्या आत मी येतो, तुम्हाला सोडवतो. मग तुम्ही पुढे व्हा, बाकीचे थेट नाट्यगृहात भेटतील."

"नक्की ना? चारच्या आत?"

"अहो, तुमच्या खुर्च्यांवर माझी पैज लागलीय. मला का घाई नसेल?"

दाभणराव सामानापाशी बसले. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत नव्या जावयाच्या भिडेने "तुम्ही जाऊन या, मी बसतो" असं ते एकदा म्हणून गेले होते, पण ते एकदाच. वाड्याच्या सहलीनंतर मात्र दर खेपेला कुठल्या ना कुठल्या सामानघराने नकार दिला, आणि गाठोडी आपणच शिवलेली म्हणून बसणं आपल्याच गळ्यात पडणार हे त्यांनी मनाला समजावलं. स्टेशनचं बाकडं लोखंडी होतं. उलटं करून बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांची शिवण पाहिली. डबा उघडून पावाचे दोन तुकडे खाल्ले. मेहुण्याला काय काय दाखवायचं ते मनात घोकलं: आधी बसायला सांगायचं, मग दोन्ही हातांनी कडेला दाबायला सांगायचं, कारण हलकं काम कडेला आधी बसतं.

चार वाजले. चारचे साडेचार झाले. मेहुण्याचा फोन लागत नव्हता, बायकोचा वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. अंधार पडायच्या आत नाट्यगृहाचं दार प्रेक्षकांसाठी उघडलं की मग खुर्च्या बघायला कोण सोडणार? शेवटी दाभणराव उठले. एका हातात एक गाठोडं, दुसऱ्यात दुसरं, बॅगा पायाने ढकलत, असे ते हातापाया पडायच्या तयारीने सामानघराच्या खिडकीशी गेले.

आत एक कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

"साहेब, नियम ठाऊक आहे. शिवलेलं सामान चालत नाही. पण तासाभराचाच प्रश्न आहे, माझ्यावर उपकार…"

"कोण म्हणालं चालत नाही?"

"कुलूप हवं ना?"

"कुलुपं तुटतात, किल्ल्या हरवतात, आणि शिव्या आम्ही खातो. हे बरं आहे. हे उसवत कोण बसणार? ठेवा इकडे."

दाभणरावांनी गाठोडं उचललं नाही. "सकाळी माझी बायको विचारून गेली. हिरव्या छत्रीवाली."

"त्या होय? त्यांनी नळ कुठला चालू आहे ते विचारलं. बाटली भरली आणि गेल्या."

दाभणराव तिथे उभे राहिले ते मागून कुणीतरी "सरका हो" म्हणेपर्यंत. त्यांना आठवत होत्या त्या बाटल्या. किती गावं, किती स्टेशनं, किती सामानघरांचे नकार. आणि दर वेळी बायको परत यायची ती बाटली काठोकाठ भरून घेऊन. आपण त्यातलं पाणी पीत पीत परक्या गावांतली परकी बाकडी राखली. सासऱ्यांचं खाकरणंही आठवलं. ते तर दर खेपेला फळा वाचायचे.

कारकुनाने बिल्ले दिले. दाभणरावांची नजर सवयीने त्याच्या खुर्चीवर गेली. बैठकीचा पट्टा एका बाजूने सुटून लोंबत होता आणि माणूस तिरका बसला होता.

"पट्टा सुटलाय तुमचा. आल्यावर दोन टाके घालून देतो," ते म्हणाले. मन कुठेही असलं तरी तोंडातून हे निघतंच.

"घाला की," कारकून म्हणाला. "रोज कंबर धरते."

नाट्यगृहाचा रस्ता बाजारातून जात होता. कोपऱ्यावर चहाचं एक काचा लावलेलं दुकान होतं, आणि काचेपलीकडे सगळं घर बसलं होतं. सासूबाई बशीतून चहा पीत होत्या. सासरे सकाळी सापडलेल्या दातांनी बिस्किटं फोडत होते. मेहुणा मधोमध उभा होता. त्याने दुकानातली एक खुर्ची उचलून उलटी धरली होती, एक डोळा मिटून तिच्या पोटात बघत होता आणि गंभीरपणे मान हलवत होता. तोंडाचा चंबू केला होता, चुका धरल्यासारखा. सगळे हसत होते. मेहुण्याची बायको टेबलावर डोकं टेकून हसत होती. दाभणरावांची बायको पदराने डोळे पुसत होती, आणि मध्येच हात करून त्याला सांगत होती की असं नाही, आधी दाबतात. उठून तिने स्वतः दाबून दाखवलं. तिला ते हुबेहूब जमलं.

आत जाऊन चार शब्द सुनवावेत असं दाभणरावांना वाटलं. पण काय सुनवणार? नक्कल चुकीची नव्हती. ते रस्त्याच्या दुसऱ्या कडेने पुढे गेले.

नाट्यगृहात झाडणारी बाई रांगांमधून पुढे सरकत होती. "प्रयोग सातला," ती मान वर न करता म्हणाली.

"खुर्च्या बघायच्यात."

"तिकीट काढताना नकाशा दाखवतात."

"बसायला नको, नुसत्या बघायच्यात. माझ्या वस्तादांनी भरल्यात."

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बघा. पण केर तुडवू नका."

पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर दाभणराव बसले. कापड दोनदा तरी बदललेलं होतं, पण बैठक जुनीच होती. ती जराही कुरकुरली नाही. खाली गेली, आणि घरातल्या माणसाने हाकेला ओ द्यावी तशी वर आली. त्यांनी कडेला दाबून बघितलं. कड ताठ. इतक्या वर्षांत किती लोक आपटले असतील, रडले असतील, घोरले असतील. दाभणरावांना एकदम बरं वाटलं. जगात एक तरी माणूस आपल्याशी खरं वागला होता.

मग त्यांनी जे करायचं ते केलं. खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या होत्या, उलट्या करता येत नव्हत्या. म्हणून ते स्वतः खाली उताणे झाले आणि डोकं बैठकीखाली घालून, फाटलेल्या काळ्या कापडातून फोनचा उजेड वर टाकला. आठ बाजू. उभ्या, आडव्या, तिरक्या. प्रत्येक गाठ जागच्या जागी.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" बाईने विचारलं.

"छान वाटतंय," खालून उत्तर आलं.

एवढ्यावर उठले असते तर माणूस सुखी झाला असता. पण ते दुसऱ्या रांगेत गेले. दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीखाली चार बाजू होत्या. त्यांना वाटलं, ही एखाद्या शिकाऊ पोराने केली असेल. शेजारची पाहिली. चार. तिसरी रांग, पाचवी रांग, कडेच्या, मधल्या. गाठी वस्तादांच्याच होत्या. शेवटच्या फाशाला डावीकडे जादा वेढा घालायची खोड दुसऱ्या कुणाला नव्हती. पण सगळीकडे चारच. तिरकी सुतळी कुठे नावाला नाही. आठ बाजू फक्त पहिल्या रांगेला, जिथे काम देणारे बसणार होते.

दाभणराव केरात बसून राहिले. वस्तादांनी कापलेली सुतळी त्यांना दिसत होती. एकदा तर शेवटच्या गाठीसाठी अख्खा सोफा उसवायला लावला होता, आणि दाभणरावांनी रडत रडत तो पुन्हा बांधला होता. त्या धाकावर त्यांनी दुकान काढलं, चालवलं आणि बुडवत आणलं. आणि या चार बाजूंच्या खुर्च्या? एखाददुसरी कलंडलेली होती. बाकीच्या मजेत उभ्या होत्या.

"सापडलं का काही?" बाईचा केर त्यांच्यापाशी येऊन थांबला होता.

"मागच्या खुर्च्या अर्ध्याच बांधल्यात."

"मग? आत्ता कळतंय होय?" बाई म्हणाली. "कुणी तक्रार नाही केली. खाली कोण बघतंय? पाय उचला."

त्यांनी पाय उचलले.

स्टेशनवर आले तेव्हा हलकल्लोळ चालला होता. बाकडं रिकामं, जावई गायब, सामान गायब. सासूबाई पोलीस म्हणत होत्या, मेहुणा फोनवर फोन लावत होता. दाभणरावांनी खिशातून बिल्ले काढले आणि बायकोच्या हातावर ठेवले. तिने बिल्ल्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाकीचे एकेक करून फळा वाचायला गेले.

"शिवलेलं चालतं," दाभणराव म्हणाले.

"हो."

"पहिल्यापासून?"

"त्या वाड्यानंतर." ती बाटलीचं झाकण उघडमीट करत होती. "बाबांनी त्या पहारेकऱ्यापुढे हात जोडले ना, ते मला बघवलं नाही. आणि तुम्ही बाहेर येऊन हसत होतात. तुम्हाला येऊ नका म्हणाले असते तर तुम्ही घरीच बसला असता. मग मीही."

"म्हणजे मला आणायचं, पण चारचौघांत दाखवायचं नाही."

"असं नाही हो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

तिने मान खाली घातली. "मीच ठरवलं. दादाने नुसती साथ दिली. आजही तो येणारच होता चारला, मीच म्हटलं बस थोडा. तिथे दहा माणसांत तुम्ही जमिनीवर लोळला असता."

दाभणरावांच्या पाठीला अजून केर लागलेला होता. तिने तो पाहिला, झटकायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"चहाच्या दुकानात दाबून दाखवत होतीस," ते म्हणाले. "हात बरोबर होता. फक्त तळव्याने दाबतात, बोटांनी नाही."

यावर तिचा चेहरा असा उतरला की एरवी त्यांना दया आली असती. आज आली नाही.

गाडीची घोषणा झाली आणि सगळ्यांची पळापळ उडाली. सामानघराच्या खिडकीतून गाठोडी, बॅगा, छत्र्या एकामागून एक बाहेर आल्या. मेहुण्याने आज पहिल्यांदाच दोन्ही गाठोडी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि धापा टाकत डब्यात चढला. गाडी हलल्यावर त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "मग, भावोजी? गेला होतात ना? कशा निघाल्या खुर्च्या?"

सासऱ्यांच्या तोंडातलं बिस्किट थांबलं. बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत काय आहे ते दाभणरावांना कळत होतं: पक्क्या आहेत म्हणा, दुकान राहू दे. एकदाचं म्हणा.

"पहिल्या रांगेतल्या एकदम पक्क्या आहेत," ते म्हणाले. "एक गाठ ढिली नाही."

"आणि मागच्या?"

"लोक बसतायत अजून."

मेहुण्याने हात वर केले. "हरलो मी. फोमचं नाव काढणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "चला, दुकान राहिलं." बायकोने सुस्कारा टाकला आणि बाटली पुढे केली. दाभणरावांनी ती घेतली नाही. पैज जिंकल्याचं तोंड कसं करतात ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. उद्या दुकान उघडायचं होतं, आणि पहिल्या खुर्चीला तिरकी सुतळी लावायची की नाही, हे या खेपेला कुणाला विचारता येणार नव्हतं.

फलाट मागे सरकत होता. सामानघराच्या खिडकीत कारकून तसाच तिरका बसला होता. त्याने मान वर केली तेव्हा दाभणरावांचा हात आपोआप खिशातल्या दाभणाकडे गेला. दोन टाके राहिले होते.